ॲप घेण्याआधी खाती संस्थेच्या नावावर करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षबागांवर कामाला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी काम करणारी एक नोंदणीकृत संस्था आहे. नाशिकला दोन खोल्यांचं कार्यालय, दिंडोरी-निफाडला बागांजवळ हंगामी वर्ग, पगारी कार्यकर्ते मोजके, बाकी सगळे स्वयंसेवक. एकाने वेबसाइट आणि मोबाइल ॲप मिळून तीन लाखांचं कोटेशन दिलं आहे. ज्येष्ठ विश्वस्त म्हणतात हा खर्च कशाला, तरुण स्वयंसेवक म्हणतात इन्स्टाग्रामवर नसाल तर तुम्ही नाहीतच. तंत्रज्ञान वापरायचं तर सुरुवात कुठून करावी आणि देणगीदार, स्वयंसेवक, इतर संस्था यांच्याशी ऑनलाइन जोडून कसं घ्यावं, असं त्या संस्थेच्या ताईंनी पत्रातून विचारलं आहे.

ताई, ते तीन लाख तूर्त राहू द्या. नाशिक जिल्ह्यातल्या लहान संस्थांचे हिशोब, नोंदी आणि संगणकाची कामं मी बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ॲपबद्दलचं नाही. तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की जुन्या देणगीदारांची यादी आधीच्या सचिवांच्या फोनमध्ये होती आणि ती आता मिळत नाही. गळती तिथे आहे. ती बंद केल्याशिवाय वरून कितीही चांगलं ॲप बसवलं तरी दोन वर्षांनी तेही कुणाच्या तरी फोनबरोबर निघून जाईल.

आधी ॲपबद्दल. ज्यांनी ते वापरायचं, त्या आई-वडिलांच्या घरात एकच स्मार्टफोन असतो, त्याची मेमरी भरलेली असते आणि दिवसभर तो बागेत वडिलांच्या खिशात असतो. नवं ॲप उतरवून घेणं, पासवर्ड लक्षात ठेवणं, अपडेट करत राहणं हे त्या घरात होत नाही. शिवाय ॲप एकदा बनवून संपत नाही. अँड्रॉइडची आवृत्ती बदलली की दुरुस्ती, सर्व्हरचं भाडं, प्ले स्टोअरचे बदललेले नियम असं दरवर्षी काहीतरी निघतं आणि या खर्चाला देणगीदार पैसे देत नाही. तुम्हाला हवं आहे ते मुलांची हजेरी, देणगीची पावती आणि स्वयंसेवकांना वेळेवर निरोप. या तिन्हींसाठी तयार साधनं आहेत आणि ती बहुतेक फुकट आहेत.

नाशिककरांना याचं एक चांगलं उदाहरण घरचंच आहे. २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबचे, मूळ नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्याच्या अडचणींवर तंत्रज्ञानाने उपाय शोधण्याचा उपक्रम, झाला. त्यातून अशिओटो नावाची सेन्सर बसवलेली चटई निघाली. तिच्यावरून माणसं चालत गेली की पावलं मोजली जायची आणि गर्दी कुठे वाढते आहे ते कळायचं. ती उपयोगी पडली, कारण प्रश्न नेमका होता: या वाटेवरून आत्ता किती माणसं जात आहेत? तुम्हीही आधी असा एक प्रश्न काढा. माझ्या मते तुमचा प्रश्न असा आहे: सुरगाण्याच्या पाड्यावरून निघालेलं मूल दिंडोरीत कोणत्या बागेवर पोचलं आणि तिथे कोणत्या वर्गात बसतं आहे? याचं उत्तर देणारं साधन ते तुमचं तंत्रज्ञान.

पण त्याआधी खाती. एक दुपार बसून कागदावर लिहा: वेबसाइटचं डोमेन (म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे, ईमेल कुणाचा, फेसबुक पानाचा ॲडमिन कोण, यूट्यूब चॅनल कोणत्या जीमेलवर उघडलं, व्हॉट्सॲप कोणत्या सिमवर चालतं आणि ते सिम कुणाच्या नावावर आहे, बँकेत कोणता मोबाइल नंबर दिला आहे, आयकर पोर्टलचा आणि धर्मादाय आयुक्तांच्या पोर्टलचा पासवर्ड कुणाकडे आहे, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर कोणता ईमेल दिला आहे, डिजिटल सहीचं टोकन कुणाच्या कपाटात आहे. मी पाहिलेल्या बहुतेक संस्थांमध्ये यातली निम्मी उत्तरं 'बहुतेक अमुककडे असेल' अशी येतात. जिल्ह्यातल्याच एका संस्थेचं डोमेन एका हौशी विद्यार्थ्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो नोकरीला बंगळुरूला गेला, नूतनीकरणाचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिले, डोमेनची मुदत संपली आणि त्याच पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसू लागली. छापील अहवालांवर, पावत्यांवर, फलकांवर तोच पत्ता होता. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याने मनापासून काम केलं होतं. पण हे काम संस्थेने स्वतःच्या हातात ठेवायला हवं होतं.

म्हणून संस्थेच्या नावाने एक सिम घ्या आणि ते कार्यालयातल्या एका साध्या स्मार्टफोनमध्ये ठेवा. डोमेन संस्थेच्या ईमेलवर आणि शक्य असेल तर एकदम अनेक वर्षांसाठी घ्या. प्रत्येक पानाला, प्रत्येक खात्याला किमान दोन ॲडमिन ठेवा, त्यातला एक विश्वस्त असावा. पासवर्डसाठी बिटवॉर्डनसारखं पासवर्ड सांभाळणारं साधन वापरा, वहीच्या शेवटच्या पानावर लिहू नका. व्हॉट्सॲपला, जीमेलला, फेसबुकला दोन टप्प्यांची पडताळणी आजच चालू करा. विश्वस्त बदलले की आपण ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, दाखल करतो ना, तसा खात्यांचाही ताबा ठरलेल्या मुदतीत बदलायचा, असा नियम घाला.

ईमेलसाठी पैसे लागत नाहीत. गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स या योजनेत नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ खालच्या ना-नफा कंपनीला पडताळणीनंतर वर्कस्पेस फुकट मिळतं. म्हणजे संस्थेच्या डोमेनवरचे ईमेल, सामायिक ड्राइव्ह, फॉर्म, कॅलेंडर, व्हिडिओ बैठक हे सगळं. शाळा, महाविद्यालयं आणि रुग्णालयं यांना ते मिळत नाही, पण तुमचे वर्ग म्हणजे मान्यताप्राप्त शाळा नाही, त्यामुळे अर्ज करा. नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन यांवरचं संस्थेचं नाव अक्षरशः एकसारखं ठेवा. 'संस्था' आणि 'संस्था, नाशिक' एवढ्या फरकावर अर्ज अडकतो. कॅनव्हाही अशा संस्थांना फुकट मिळतं, पोस्टर आणि अहवालाच्या मांडणीला ते पुरतं. याच गूगल योजनेत महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिरातीही मिळतात. मात्र त्यासाठी वेबसाइट भरीव लागते आणि रोज लक्ष द्यावं लागतं, तेव्हा पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नका.

आता देणगीदारांची यादी. ती मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये नको, सामायिक ड्राइव्हवरच्या एका शीटमध्ये ठेवा. नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल, पॅन, पहिली देणगी कधी, शेवटची कधी, कशासाठी, कुणाच्या ओळखीने आले, निरोप व्हॉट्सॲपवर हवा की पत्राने आणि शेवटी एक रकाना मोकळा: 'यांच्याविषयी'. तिथे लिहायचं की यांच्या आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, किंवा हे दरवर्षी वडिलांच्या स्मृतिदिनी देतात. देणगीदार टिकतो तो या रकान्यामुळे. जुन्या पावती पुस्तकांच्या स्थळप्रती कार्यालयात असतीलच, गेल्या काही वर्षांच्या स्थळप्रतींवरून दोन स्वयंसेवक मिळून ही यादी उभी करू शकतात. हरवलेली यादी अशी बरीचशी परत मिळते.

क्यूआर कोडबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या संस्था अडचणीत येताना पाहिल्या आहेत. कार्यक्रमात फलक लावला, लोकांनी यूपीआयने पटापट पैसे पाठवले, सगळे खूश. वर्षाअखेरीस बँक स्टेटमेंटवर नुसते यूपीआय आयडी दिसतात, माणूस कोण, राहतो कुठे, काही कळत नाही. ज्या देणगीदाराचं नाव-पत्ता संस्थेकडे नाही ती देणगी आयकराच्या दृष्टीने निनावी ठरते. सेवाभावी संस्थेच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतली जी रक्कम मोठी तिच्यापलीकडच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर लागतो. दुसरं, ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची, सवलत देणगीदाराला मिळायची तर संस्थेने देणग्यांचं विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मे पर्यंत भरावं लागतं आणि त्यातूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र तयार होतं. आजवर आपण त्या विवरणाला १०बीडी आणि प्रमाणपत्राला १०बीई म्हणत आलो. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर देणगीदाराला सवलत मिळत नाही, हेही काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक हवं. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, ते तुमच्या सीएकडून लिहून घ्या.

उपाय सोपा आहे. क्यूआर कोडच्या शेजारी दुसरा कोड लावा, तो गूगल फॉर्मचा. नाव, पत्ता, पॅन आणि व्यवहार क्रमांक एवढंच त्यात मागा. फलकाजवळ एक जण उभा ठेवा, जो पैसे पाठवल्यावर तिथल्या तिथे फॉर्म भरून घेईल. फॉर्मची शीट दर आठवड्याला बँक स्टेटमेंटशी ताडून पाहा, मार्चअखेरीस नको. क्यूआर संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. 'तात्पुरता' म्हणून कुणाच्या वैयक्तिक खात्याचा कोड लावणं, तो अध्यक्षांचा असला तरी, मी कोणत्याही संस्थेला करू देत नाही.

आणि परदेशातून येणारे पैसे. तुमचा एखादा भाचा अमेरिकेत असेल आणि त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी स्रोत ठरतो, मग तो मूळचा पंचवटीतला का असेना. अशी देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना घेणं गुन्हा आहे. नोंदणी असली तरी पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात, २०२० च्या दुरुस्तीपासून. तेव्हा ऑनलाइन देणगीच्या फॉर्मवर 'मी भारतीय नागरिक आहे' अशी चौकट ठेवा आणि ती भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. सोशल मीडियावर आवाहन टाकलं की ते नाशिकपुरतं राहत नाही.

आता मुलांच्या नोंदी, म्हणजे तुमच्या कामाचा खरा गाभा. तुमच्या कार्यकर्त्या आज हजेरी वहीत लिहितात, तिचा फोटो ग्रुपवर टाकतात आणि नाशिकला कुणीतरी तो पाहून एक्सेलमध्ये भरतं. यात आठवडे जातात आणि नावं बदलतात. एकच मुलगी पाड्यावर एका नावाने, शाळेत दुसऱ्या, बागेवर तिसऱ्या नावाने नोंदली जाते. त्यासाठी कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके वापरा. ही साधनं मुळात जिथे इंटरनेट नाही तिथे माहिती गोळा करण्यासाठीच बनली आहेत. प्रश्नावली एक्सेलमध्ये मराठीत लिहिता येते, फोनवर रेंज नसताना भरता येते आणि रेंज मिळाली की पाठवता येते. सुरगाण्याच्या कितीतरी पाड्यांवर आजही रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं, त्यामुळे जे साधन सतत नेट मागतं ते तिथे निरुपयोगी आहे. एकच मूल अनेक वर्षं, अनेक ठिकाणी पाहायचं असेल तर अवनी हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. तेही ऑफलाइन चालतं, पण बसवायला जाणकार माणूस लागतो. पहिला हंगाम कोबोवर काढा, मग ठरवा.

प्रश्न कमी ठेवा, हे मी हात जोडून सांगतो. पहिल्या फॉर्ममध्ये प्रत्येक विश्वस्त एकेक प्रश्न घालतो आणि चाळीस प्रश्न होतात. भर दुपारी बागेच्या बांधावर उभ्या असलेल्या कार्यकर्तीला चाळीस प्रश्न भरायला लावणं अन्याय आहे आणि मग ती अंदाजाने भरते. संस्थेने दिलेला मुलाचा क्रमांक, आईचं नाव, गाव-पाडा, आत्ता कोणत्या बागेवर, इयत्ता, शिक्षण हमी पत्रक सोबत आहे का, आज हजर का. एवढं पुरे. त्यातलं हमी पत्रक फार कळीचं आहे. मूळ शाळेने ते दिलं असेल तर स्थलांतराच्या गावी शाळा मुलाला थेट बसवून घेऊ शकते. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली की कुटुंबं निघतात. त्याआधी पाड्यांवर जाऊन कुणाचं पत्रक निघालेलं नाही याची यादी तुमच्या फोनवर तयार असेल, तर तुम्ही मुख्याध्यापकांकडे नावानिशी जाऊ शकता. तंत्रज्ञानाचा उपयोग मी यालाच म्हणतो. वर्षअखेरीच्या रंगीत आलेखापेक्षा ऑक्टोबरमधली ही यादी मला मोलाची वाटते.

व्हॉट्सॲप तुम्ही वापरताच, पण सगळ्यांसाठी एकच ग्रुप आहे असं लिहिलं आहे. तो मोडा. ग्रुपमध्ये १,०२४ जण घेता येतात म्हणून घ्यायचे असं नाही. तिथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो आणि तुमच्या ग्रुपमध्ये मुलींच्या आया आहेत, बागेचे मुकादम आहेत आणि कॉलेजचे अनोळखी स्वयंसेवकही आहेत. हे चालणार नाही. कार्यकर्त्यांचा ग्रुप वेगळा, तिथे फक्त कामाचं. प्रत्येक वर्गाच्या पालकांचा लहान ग्रुप वेगळा, त्याची ॲडमिन त्या वर्गाची ताई. देणगीदारांना ग्रुपमध्ये घेऊच नका, त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून पावती देताना 'हा नंबर सेव्ह करा' असं सांगायचं. ज्यांना नुसती माहिती हवी आहे, अशा शुभेच्छुकांसाठी चॅनल उघडा. तिथे अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. कार्यालयाच्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. ते फुकट आहे आणि 'पावती कशी मिळेल', 'स्वयंसेवक व्हायचं आहे' अशा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं त्यात तयार ठेवता येतात. पुढे निरोप हजारोंनी जायला लागले तर ग्लिफिकसारखं संस्थांसाठी बनवलेलं मुक्त साधन आहे, आज त्याची गरज नाही.

देणगीदारांना महिन्यातून एक निरोप, त्याहून जास्त नको. सुप्रभात आणि सणांच्या शुभेच्छा अजिबात नकोत. त्या एका निरोपात एकच गोष्ट सांगा: या महिन्यात मोहाडीजवळच्या वर्गात काय झालं, काय अडलं, काय लागणार आहे. अडलेलंही सांगा. लोक त्याला जास्त प्रतिसाद देतात, असं मी वारंवार पाहिलं आहे.

पालकांसाठी मात्र लिहिलेला निरोप फारसा कामाचा नाही. तुमच्या बऱ्याच घरांत कोकणा बोली आहे, वाचण्याची सवय कमी आहे. तिथे आवाज चालतो. वर्गाच्या ताईने त्यांच्या बोलीत अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवावा: उद्या वजन-उंची आहे, पोरांना नऊला पाठवा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची वेगळी यादी करून त्यांना फोनच करायचा. आवाजाची ताकद नाशिकने करोनाच्या काळात पाहिली आहे. शाळा बंद होत्या तेव्हा रेडिओ विश्वास या इथल्या ९०.८ वरच्या सामुदायिक केंद्राने जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांच्या तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी ध्वनिरूपात पाठ तयार करून प्रसारित केले. 'एज्युकेशन फॉर ऑल' या त्या उपक्रमाला पुढे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारही मिळाला. स्मार्टफोन नसलेल्या घरापर्यंत पोचायचं असेल तर अशा केंद्राशी बोला. तुमच्याकडे गोष्टी आहेत, त्यांच्याकडे ध्वनिक्षेपण आहे.

फोटोंबाबत मी कडक आहे आणि तुम्हीही व्हा. तुमच्या फेसबुक पानावर मुलांचे चेहरे, शेजारी नाव, खाली गावाचं नाव असे फोटो आहेत. ते आजच काढा. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, त्यात तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायदा आणखी कडक आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, त्यांत १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मुलीचा मातीने माखलेला फोटो आपण मदतीच्या आवाहनासाठी वापरतो ती उद्या कॉलेजात जाणार आहे. तिच्या हाताचा फोटो घ्या, तिने काढलेल्या चित्राचा घ्या, पाठमोरा वर्ग घ्या. संमतीचा फॉर्म मराठीत, मोठ्या अक्षरांत, वाचून दाखवून भरून घ्या आणि 'नको' म्हणणाऱ्या आईच्या मुलाला वर्गात तितकंच स्थान आहे हे तिला तोंडाने सांगा. आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवणं बंद करा. मागायलाच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या.

इन्स्टाग्रामबद्दल तरुणांचं थोडं बरोबर आहे. तिथून पैसे येणार नाहीत, स्वयंसेवक येतील. कॉलेज रोडच्या आणि गंगापूर रोडच्या मुलांना रविवारी दिंडोरीला जाऊन गोष्टी वाचून दाखवायच्या असतात, त्यांना कुठे जायचं ते माहीत नसतं. आठवड्याला एक पोस्ट, त्यात तारीख, वेळ, सीबीएस बसस्थानकावरून निघायची जागा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना हेच वेळापत्रक ईमेलने पाठवा. फेसबुक पन्नाशीच्या पुढच्या देणगीदारांसाठी चालू ठेवा. बाकी सगळीकडे असण्याची गरज नाही, अर्धवट सोडलेली पाच पानं संस्थेचं नाव खराब करतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचे पैसे, हवा असेल तर जागा लिंक्डइन आहे. निर्णय बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या मुख्यालयात होतो आणि तिथला अधिकारी तुमचं नाव तिथेच शोधतो. सीएसआरचे पैसे घ्यायला सीएसआर-१ नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे, त्यासाठी आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नावरच्या करमाफीची) आणि ८०जी नोंदणी चालू असल्याची खात्री करा. केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात कोणत्या विषयावर किती खर्च केला ते कुणालाही पाहता येतं. ते पाहून ज्या आधीच शिक्षणावर खर्च करत आहेत अशा थोड्या कंपन्या निवडा आणि त्यांनाच लिहा. एकच अर्ज पन्नास ठिकाणी पाठवणं म्हणजे कुठेच न पाठवणं. ऑक्टोबरच्या २ ते ८ तारखांना देशभर दानउत्सव असतो, त्या आठवड्यात कंपन्या कर्मचाऱ्यांना बाहेर न्यायच्या जागा शोधत असतात. ऑगस्टमध्येच निरोप द्या.

क्राउडफंडिंगला माझा विरोध नाही. गिव्ह, केट्टो, मिलापसारखे मंच शुल्क कसं घेतात ते आधी वाचा आणि एवढं लक्षात घ्या की तिथे पहिले देणगीदार तुमच्याच यादीतून यावे लागतात. यादी नसेल तर मोहीम पहिल्या आठवड्यात थांबते.

इतर संस्थांशी जोडणं हा तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग होता, माझ्या लेखी तो पहिला आहे. तुमचं मूल तालुका ओलांडतं, तेव्हा तुमचं जाळंही तालुका ओलांडणारं हवं. पेठ-सुरगाण्यात काम करणाऱ्या दोन-तीन संस्था, तिथले मुख्याध्यापक, दिंडोरी-निफाडच्या अंगणवाडी सेविका आणि आशा, बागायतदारांच्या कंपन्या आणि सोसायट्या यांची आधी नुसती फोन-यादी करा. मग छाटणीच्या सुमारास एक व्हिडिओ बैठक, तासाभराची: यंदा कोणत्या गावची माणसं कुणाकडे येणार आहेत? बागायतदाराला हे आधी ठाऊक असतं, कारण मुकादमाला उचल त्याने दिलेली असते. ती माहिती मिळाली की वर्ग कुठे लावायचा हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. संस्थांनी एकमेकांना द्यायची शीट वेगळी ठेवा, तिच्यात मुलांची नावं नकोत, गाव, बाग आणि संख्या पुरते. नाव लागेल तेव्हा एका ताईने दुसऱ्या ताईला फोन करावा.

यात एक अडसर येतो, तोही सांगतो. संस्था देणगीदार हातचा जाईल या भीतीने माहिती देत नाहीत. पहिली माहिती तुम्ही द्या. तुमच्या वर्गांची जागा, वेळापत्रक, तयार केलेलं शैक्षणिक साहित्य ड्राइव्हवर सगळ्यांसाठी उघडं ठेवा. ज्या पाड्यांची नावं नकाशावर नाहीत ती ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर टाका, आरोग्य खात्याच्या गाडीलाही ती उपयोगी पडतील.

एआयचा उपयोग अहवालासाठी करा. कार्यकर्तीने मराठीत बोलून सांगावं, फोन ते टाइप करतो, मग इंग्रजी मसुदा एआयकडून करून घ्यावा. मात्र मुलांची नावं त्यात घालू नका आणि आलेला प्रत्येक आकडा मूळ शीटशी ताडून पाहा, कारण नसलेले आकडे ते साधन आत्मविश्वासाने लिहितं. जुने अहवाल श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, असतील तर ते युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर ते शोधातही सापडत नाहीत आणि दुसऱ्या संगणकावर नीट वाचताही येत नाहीत.

फसवणुकीचंही बघा. 'तुम्हाला अनुदान मंजूर झालं आहे, प्रक्रिया शुल्क भरा' असे फोन संस्थांना सर्रास येतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी मी तीन लाखांतले थोडेच वापरेन: डोमेन, संस्थेचं सिम आणि फोन, कार्यकर्त्यांच्या डेटा पॅकचे पैसे (ते आज त्या स्वतःच्या खिशातून भरतात, हे थांबवा), वर्गांसाठी दोन-तीन बरे अँड्रॉइड फोन आणि पॉवर बँक, आणि चार-पाच पानांची साधी मराठी वेबसाइट, जिच्यावर विश्वस्तांची नावं, लेखापरीक्षण अहवाल, ८०जी चा क्रमांक आणि संपर्क असेल. गूगल साइट्सवर ती फुकट बनते. उरलेले पैसे एका माणसाच्या मानधनाला ठेवा, जो आठवड्यातून दोन दिवस नोंदी तपासेल आणि कार्यकर्त्यांना फोनवर मदत करेल. विश्वस्तांना हा खर्च पटेल असं मला वाटतं, कारण तो दिसतो आणि हिशोबात धरता येतो.

पुढच्या बैठकीत पहिला ठराव हा मांडा, शब्द हवे तसे बदला: "संस्थेचे डोमेन, ईमेल, समाजमाध्यमांवरील पाने, व्हॉट्सॲप क्रमांक, शासकीय पोर्टलवरील खाती, तसेच देणगीदार व लाभार्थी यांच्या याद्या या संस्थेची मालमत्ता आहेत. त्यांची नोंदवही सचिव ठेवतील, प्रत्येक खात्यास दोन अधिकृत व्यक्ती असतील, त्यांपैकी एक विश्वस्त असेल, आणि पदाधिकारी किंवा कर्मचारी बदलल्यास पंधरा दिवसांत ताबा लेखी दिला-घेतला जाईल."